एकतिसावा रोजा

१० मार्च २०२४. रविवार होता. मुंबईहून संध्याकाळी सुटलेलं आमचं विमान दुबईला उतरलं, तेव्हा तिथल्या घड्याळात रात्रीचे साडेआठ झाले होते. सामानाच्या पट्ट्यापाशी उभा राहून फोन सुरू केला, तर पहिला आवाज धाकट्या भावाचा. "भाई, लवकर बाहेर या. चाँद झाला. उद्या पहिला रोजा." मी लगेच घरी, कुर्ल्याला फोन लावला. अम्मी जागीच होती. तिला बातमी सांगितली तर म्हणाली, "उद्या कसा? आज तर शाबानची अठ्ठावीस. आम्ही चाँद उद्या बघणार." मग जरा थांबून म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं एका दिवशी आणि आम्ही दुसऱ्या दिवशी?"

प्रवास तीन तासांचा, घड्याळात फरक दीड तासाचा, पण महिना एका दिवसाने पुढे सरकला होता. तो एक दिवस पुढे महिनाभर माझ्या मागे लागला, म्हणून आधी त्याच्याबद्दलच सांगतो.

हिजरी महिना चंद्रावर चालतो. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस जातात, म्हणून आमचा महिना कधी एकोणतीसचा, कधी तिसाचा. अठ्ठाविसाचा नाही आणि एकतिसाचाही नाही. एकोणतीस तारखेच्या संध्याकाळी पश्चिमेला कोर दिसली तर दुसऱ्या दिवसापासून नवा महिना, नाही दिसली तर तीस पुरे करायचे. नियम इतका सोपा आहे. भांडण आहे ते 'दिसली' या शब्दावर. त्या रविवारी अमावास्येचा क्षण भारतीय वेळेप्रमाणे दुपारी अडीचला येऊन गेला होता. म्हणजे मुंबईत सूर्य मावळला तेव्हा नव्या चंद्राचं वय होतं जेमतेम सव्वाचार तास. नुसत्या डोळ्यांना कोर दिसायची तर चंद्र साधारणपणे पंधरा-सोळा तासांचा तरी व्हावा लागतो. आपल्याकडे तर त्या दिवशी कुणी आकाशाकडे बघतच नव्हतं, कारण तारीखच अठ्ठावीस होती. सौदी अरेबियात मात्र चाँद झाल्याचं जाहीर झालं आणि संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहारीन यांनीही सोमवारचा रोजा धरला. गंमत म्हणजे अमिरातीला खेटून असलेल्या ओमानने तो धरला नाही. त्यांचा पहिला रोजा आपल्यासारखाच मंगळवारी, १२ मार्चला. अवघ्या काही तासांचा चंद्र कुणाला कसा दिसला, हा वाद जुना आहे. मी कवी माणूस, चंद्राच्या बाबतीत माझी साक्ष कोणीच धरणार नाही. मी त्यात पडत नाही.

पण मग माझं काय? मी तर त्याच रात्री परक्या मुलखात उतरलेला मुसाफिर. मुसाफिराला रोजा माफ नाही, पण पुढे ढकलण्याची सवलत आहे. कुराणाच्या दुसऱ्या सूरेत रोजांचा हुकूम आहे, तिथंच ही सवलतही आहे: जो आजारी असेल किंवा प्रवासात असेल, त्याने तेवढे दिवस नंतर भरून काढावेत. आता प्रवासी म्हणजे कोण, याचा फिकहच्या ग्रंथांत काटेकोर हिशेब केलेला आहे. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. शाफई मताप्रमाणे येण्याजाण्याचे दिवस सोडून चार दिवस किंवा जास्त राहण्याच्या इराद्याने माणूस एखाद्या गावी उतरला, की तो मुसाफिर उरत नाही. तो तिथला मुकीम होतो, म्हणजे रहिवासी. हनफींकडे हीच मुदत पंधरा दिवसांची. मी तीन आठवड्यांसाठी गेलो होतो. म्हणजे शरियतच्या नजरेने मी विमानतळाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं तेव्हाच दुबईचा रहिवासी झालो, आणि सवलत संपली.

मला घ्यायला आलेला माझा भाऊ २००१ साली तिथं गेला. तेवीस वर्षं झाली. तिथल्या सरकारच्या कागदावर तो अजून पाहुणाच आहे.

हे पाहुणेपण कसं चालतं ते थोडक्यात सांगतो. भावासारख्या कामगाराला राहण्याचा परवाना नोकरीवर मिळतो आणि तो दर दोन वर्षांनी नवा करून घ्यावा लागतो. नोकरी गेली, की ठरावीक मुदतीत दुसरी शोधायची, नाहीतर सामान बांधायचं. नागरिकत्वाचा प्रश्नच येत नाही. बायकोमुलांना बोलवायचं तर पगार महिना चार हजार दिरहम हवा, किंवा तीन हजार आणि वर राहायची जागा. भाऊ इमारतींच्या एअर कंडिशनरच्या दुरुस्तीचं काम करतो. पगार त्या आकड्यापर्यंत पोचला तोवर घरभाडं आणि शाळेची फी त्याच्याही पुढे निघून गेली होती. त्यामुळे भावजय आणि दोन मुली कुर्ल्यात आमच्याबरोबर, आणि तो देरा भागात, नाइफच्या एका गल्लीत बेड-स्पेसवर. बेड-स्पेस म्हणजे खोली भाड्याने घ्यायची नाही, खाट घ्यायची. सुट्टी दोन वर्षांतून एकदा, तीही कामाचा रेटा बघून. तेवीस वर्षांत त्याला ईद घरी मिळाली ती चार वेळा. म्हणून या खेपेला मीच गेलो. त्याच्या खोलीतला एक गडी सुट्टीवर गेला होता, त्याची खाट मला मिळाली.

त्या खोलीतली पहिली सहरी मला आठवते ती तिथल्या शांततेमुळे. आमच्या कुर्ल्यात, पाइप रोडच्या मागच्या गल्ल्यांत, रमजानच्या पहाटे कुणाला झोपून राहायचं म्हटलं तरी शक्य नाही. साडेतीनपासून पोरांची टोळकी दारं वाजवत फिरतात, कुणीतरी डबा बडवत गात जातो, खाली निहारी आणि पावाच्या दुकानाचं शटर वर जातं, शेजारची वहिनी भिंतीवर मूठ आपटून विचारते, उठलात का. देऱ्याच्या त्या खोलीत चार वाजता सहा फोन एकदम थरथरले आणि सहा माणसं न बोलता उठून बसली. खोलीत दोघं रत्नागिरीकडचे, एक मलप्पुरमचा मलयाळी, एक हैदराबादी, भाऊ आणि मी. सातवा निजामाबादचा तेलुगू हिंदू गडी. त्याची बस पहाटे पाचला लागायची, त्यामुळे तो साडेतीनलाच उठून भात लावायचा, आणि एवीतेवी लावतोच आहे म्हणून सगळ्यांचा लावायचा. त्या खोलीत सहरीला उठवणारा तोच. त्याला रोजा नव्हता आणि पुण्यही नको होतं. तो म्हणायचा, कुकर एकच आहे.

आणि मग दिवस उजाडला. या दिवसाबद्दलच लोक मला विचारतात, कारण तो आपल्या दिवसापेक्षा खरोखरच वेगळा असतो. आपल्याकडे रोजा हा ज्याचा त्याचा असतो. मुंबईचं घड्याळ त्याच्यासाठी हलत नाही. मी तीस वर्षं हार्बरच्या गाडीने कुर्ल्याहून फोर्टातल्या कचेरीत जात होतो. रमजान असो नसो, गाडीत पाय ठेवायला जागा तेवढीच. दुबईत मात्र सबंध शहर आपलं घड्याळ रोजाला जुळवून घेतं. कायद्याने खासगी नोकरीतल्या प्रत्येकाचे रोजचे दोन तास कमी होतात, आणि रोजा ठेवणारा असो वा नसो, मुसलमान असो वा नसो, सर्वांचे होतात. सरकारी कचेऱ्या २०२४ मध्ये सोमवार ते गुरुवार सकाळी नऊ ते दुपारी अडीच, आणि शुक्रवारी दुपारी बारापर्यंतच होत्या. भर दुपारी रस्ते सुने. असरच्या नमाजनंतर शहर हळूहळू जागं होतं, आणि बाजार चालतात ते मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. रात्रीचा दिवस करणं हा आपल्याकडे वाक्प्रचार आहे. तिथं ते महिन्याचं वेळापत्रक आहे.

भावाचे दोन तास मात्र कागदावरच कमी झाले होते. लोक दिवसा घरात बसले की एअर कंडिशनर जास्त चालतात आणि जास्त चालले की जास्त बिघडतात. तो तीनला सुटायचा तो साडेचारला यायचा. मी त्याला म्हटलं, तक्रार कर. तो हसला. म्हणाला, "भाई, हा रमजान मार्चमधला आहे. हा तर मेवा आहे." मग त्याने सांगितलं. हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, म्हणून रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१४ ते २०१७ या वर्षांत तो जून-जुलैत पडला. तिथं तेव्हा रोजा पंधरा तासांच्या वर जातो आणि सावलीतला पारा पंचेचाळीसला टेकतो. एअर कंडिशनरची बाहेरची यंत्रं गच्चीवर असतात आणि गच्चीवर सावली नसते. २००५ पासून तिथं नियम आहे, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करून घ्यायचं नाही. तो पाळलाही जातो. पण साडेबाराच्या आधीची गच्ची आणि तीननंतरची गच्ची काही थंड झालेली नसते. भाऊ म्हणाला, "तेव्हा ओला टॉवेल डोक्यावर ठेवायचो, पाच मिनिटांत वाळायचा." हे त्याने आम्हाला फोनवर कधी सांगितलं नव्हतं. फोनवर तो नेहमी विचारायचा, तिकडे पाऊस पडला का.

इफ्तारची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. सूर्यास्ताच्या वेळी तिथं तोफ उडते. पोलिसांची माणसं गणवेशात तोफेपाशी उभी असतात, मुलं कानांवर हात ठेवून वाट बघतात, आणि मगरिबच्या ठोक्याला एक बार होतो. ही प्रथा घड्याळं आणि भोंगे नव्हते तेव्हाची, आता तिचा सोहळा झाला आहे आणि ती टीव्हीवरही दाखवतात. बुर्ज खलिफाजवळची तोफ बघायला भाऊ मला घेऊन गेला. त्या इमारतीबद्दल एक गंमतीचा पण खरा फतवा आहे. ती इतकी उंच आहे, की वरच्या मजल्यांवरून सूर्य खालच्या माणसापेक्षा थोडा उशिरा मावळताना दिसतो. मग रोजा कधी सोडायचा? २०११ मध्ये तिथल्या मुफ्तींनी सांगितलं, ऐंशीच्या वरच्या मजल्यांनी दोन मिनिटं थांबावं आणि दीडशेच्या वरच्यांनी तीन. म्हणजे एकाच इमारतीत खालचा पहारेकरी रोजा सोडतो तेव्हा वरचा मालक अजून रोजात असतो. मला हे फार आवडलं. भावाने ऐंशीच्या वरचे मजले बघितलेले नाहीत. म्हणाला, आमचं कंत्राट दुसरीकडे.

रोजची इफ्तार आम्ही मशिदीच्या अंगणात करत असू. तिथं प्लास्टिकचे लांबच लांब दस्तरखान अंथरतात. प्रत्येकापुढे खजूर, पाणी, एक फळ, लबन म्हणजे आपलं ताक, आणि बिर्याणीचा डबा. बसणारे कोण तर पठाण, बंगाली, मलयाळी, बिहारी, मिसरी, सुदानी, आणि मधूनच आमच्या खोलीतले रत्नागिरीकर. कुणी कुणाला नाव विचारत नाही. ज्याचा खर्च असतो तो बहुधा तिथं नसतोच. आणि हे अन्न कुणीही उठून वाटायचं नाही, त्याला परवानगी लागते. आमच्याकडे कुणी पातेलं घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला तर त्याला कोण अडवणार? सिग्नलवरही स्वयंसेवक गाड्यांच्या खिडकीतून खजूर आणि पाण्याची पाकिटं देतात. लोक घरी पोचण्याच्या घाईत गाड्या हाणतात, अपघात होतात, म्हणून ही सोय. पुण्य आणि वाहतूक असं दोन्ही त्यात साधलेलं आहे.

श्रीमंतांच्या इफ्तारचे तंबू वेगळे. हॉटेलांत गालिचे, हुक्का, माणशी शेकड्यांनी दिरहम. ते मी बाहेरून बघितले. खाण्याचं म्हणाल तर तिथल्या दोन पदार्थांनी मला घर आठवलं. एक हरीस. गहू आणि मटण तासन्‌तास शिजवून घोटून एकजीव करायचं. आपल्याकडे मुहर्रममध्ये खिचडा होतो, त्याचा हा मसाला न घातलेला थोरला भाऊ. दुसरं लुकैमात, पिठाचे गोळे तळून वर खजुराचा पाक. आणि सरबत? मला वाटलं होतं काही खास अरबी असेल. निघालं विम्टो. १९०८ मध्ये मँचेस्टरला जन्मलेलं जांभळं विलायती पेय, आणि अरबांना त्याच्याशिवाय रमजान साजरा झाला असं वाटत नाही. आपल्याला रूहअफ्जाशिवाय वाटत नाही, तसंच.

एका शुक्रवारी भावाच्या जुन्या सोबत्याला भेटायला सोनापूरला गेलो. दुबईच्या कडेला मुहैसना नावाच्या भागात कामगारांच्या वस्त्या आहेत, त्यांना सगळे सोनापूर म्हणतात. नाव हिंदीतलं, आपल्याच माणसांनी ठेवलेलं. मुंबईच्या माणसाला ते ऐकून दचकायला होतं. आमच्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान. मरीन लाइन्सचं जुनं सोनापूर, भांडुपचं सोनापूर; "सोनापुरात गेला" म्हटलं की पुढे बोलायचं काही राहत नाही. तिथल्या सोनापुरात तीन-चार मजली इमारती, गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले निळे डगले, आणि जवळच कबरस्तानही आहे. संध्याकाळी मैदानावर हजारो माणसं ओळीने बसली. तेवढी माणसं एका जागी इतकी गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. अजान झाली, खजूर तोंडात गेले, आणि दोन मिनिटांनी सगळीकडून एकदम आवाज उठला. प्रत्येक माणूस फोनवर बोलत होता. बंगालीत, तमिळमध्ये, पंजाबीत, उर्दूत. भोजन राहिलं बाजूला. मग लक्षात आलं, तिकडे घरी इफ्तार केव्हाच उरकलेली असते, बायका भांडी आवरून फोनची वाट बघत असतात. आमची भावजयही रोज त्याच वेळी फोन हातात घेऊन बसायची. तेव्हा मला वाटायचं, हिला दुसरं काम नाही का.

कोकणी माणसाला आखात नवीन नाही, हे इथं सांगितलं पाहिजे. आमचं मूळ गाव रायगडात, म्हसळा तालुक्यात. आजोबा बोटीवर खलाशी होते. मुंबईहून आखातातल्या बंदरांना जाणाऱ्या आगबोटी होत्या. त्यांतली शेवटची 'द्वारका' १९८२ पर्यंत चालू होती. त्या किनाऱ्यावर तेव्हा आपला रुपया चालायचा. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी निराळ्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपलं चलन आणलं, आणि १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झाल्यावर दुबई-कतारनेही तो सोडला. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि वाहत्या गंगेचं पाणी उलटं फिरलं. श्रीवर्धन, म्हसळा, महाड, खेड, दापोली, या गावांतल्या नव्या घरांच्या भिंती त्याच पैशाने उभ्या राहिल्या. आज अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय आहेत. आजोबा तिथून खजूर आणायचे. भाऊही खजूरच आणतो, फक्त डबा चकचकीत असतो.

आता एका गोष्टीबद्दल माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. दिवसा उघड्यावर खाण्यापिण्याला आखातात बंदी असते, असं आपण ऐकतो. देशोदेशी नियम वेगळे आहेत. कुवेतमध्ये १९६८ चा कायदा आहे, शंभर दिनारपर्यंत दंड आणि एक महिन्यापर्यंत कैद. दुबईत पूर्वी हॉटेलांना दिवसा पडदे लावावे लागत. २०२१ मध्ये ती सक्ती उठली. मी गेलो तेव्हा काचेआड माणसं जेवताना सरळ दिसत होती, आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही, उलट बरं वाटलं. माझ्या कचेरीत रमजानमध्ये सहकारी डबा घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. मी त्यांना म्हणायचो, इथंच बसा रे. तुमच्या डब्यातल्या बोंबलाचा वास आल्याशिवाय माझा रोजा रोजा कसला? समोर कुणी खातच नसेल, रस्ताच सुना असेल, कचेरीच अडीचला बंद होत असेल, तर रोजा सोपा होतो. सोपा व्हावा, यात वाईट काही नाही. पण दुबईच्या पहिल्या आठवड्यात मला भूकच जाणवेना, आणि त्याने मी थोडा बेचैन झालो. भुकेची आठवण करून दिली ती भावाच्या गच्चीने.

तरावीहचंही तसंच. आमच्याकडे रात्रीच्या या नमाजच्या वीस रकात होतात, तिथं बहुतेक मशिदींत आठ. लवकर सुटका. पहिल्या दिवशी मी सवयीने उभा राहिलो, तर मशीद रिकामी होऊन भाऊ चपला हातात घेऊन दारात उभा. मग आम्ही उरलेल्या बारा खोलीत पढू लागलो, खाटांच्या मधल्या पट्टीत, एकामागे एक. लहानपणी कुर्ल्याच्या घरात तो असाच माझ्या मागे उभा राहायचा आणि सजद्यात झोपून जायचा. तिथंही एकदा झोपला. वय एकोणपन्नास. मी सलाम फेरून मागे बघितलं आणि त्याला तसाच राहू दिला.

२ एप्रिलच्या रात्री मी परत निघालो. भावाने सुट्टीचा अर्ज केला होता, तो नामंजूर झाला. अब्रात बसून आम्ही खाडी ओलांडून शेवटचं फिरून आलो, माणशी एक दिरहम. तो म्हणाला, "भाई, तुम्ही तिकडे गेलात की तुमचे रोजे किती होतील?" मी बोटांवर मोजलं आणि गप्प झालो.

तुम्हीही मोजा. मी ११ मार्चला सुरुवात केली. मुंबईने १२ मार्चला. मुंबईत चाँद एकोणतिसाव्याला झाला तर माझे तीस होणार, काही अडचण नाही. पण मुंबईने तीस पुरे केले तर माझे एकतीस, आणि हिजरी महिन्याला एकतिसावा दिवसच नसतो. मशिदीतल्या मौलानांना विचारलं. त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. माणूस जिथं असेल तिथल्या लोकांबरोबर रोजा आणि तिथल्या लोकांबरोबर ईद. एकतीस झाले तर झाले. म्हणाले, "आखातातून सुट्टीवर येणाऱ्यांचे दरवर्षी होतात. तुम्ही पहिल्यांदा विचारताय, म्हणून नवीन वाटतंय."

८ एप्रिलला दुबईचा एकोणतिसावा होता. त्याच दिवशी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं. म्हणजे अमावास्या त्या क्षणी तिकडे घडत होती आणि इकडे आखातात सूर्य केव्हाच बुडालेला. चंद्र दिसण्याचा सवालच नव्हता. त्यांनी तीस पुरे केले आणि बुधवारी, १० एप्रिलला ईद केली. ओमाननेही त्याच दिवशी, म्हणजे सुरुवात आपल्याबरोबर आणि शेवट दुबईबरोबर. केरळातही ईद बुधवारीच होती. आमच्या खोलीतल्या मलप्पुरमवाल्याची आणि त्याच्या घरची ईद एका दिवशी आली. मुंबईत मंगळवारी चाँद झाला नाही. आमची ईद गुरुवारी ठरली.

बुधवारी सकाळी भावाचा व्हिडिओ फोन आला. ईदची नमाज पढून आलेला, अंगात पांढरा नवा कुर्ता, मागे खाटांवर सगळी मंडळी, तेलुगू गड्याच्याही हातात शिरखुर्म्याचा पेला. भावजय आणि मुली फोनवर वाकल्या होत्या. भावाने चमचा तोंडाकडे नेला आणि आमच्याकडे बघून परत पेल्यात ठेवला. आमचा रोजा होता.

अम्मीने फोन आपल्याकडे घेतला. "खा रे," ती म्हणाली. "ईदच्या दिवशी उपाशी राहू नये. तुझे किती झाले?"

"तीस."

"भाईचे आज एकतीस होतील. एक तुझ्या नावाचा धर."

एकाचा रोजा दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मी काही बोललो नाही. भावाने पेला उचलला, खाल्लं, आणि उद्या गच्चीवर ड्यूटी आहे असं सांगून फोन ठेवला. त्या संध्याकाळी सातला दोन-तीन मिनिटं कमी असताना पाइप रोडला अजान झाली, आणि मी त्याच्याच डब्यातला खजूर तोंडात टाकला.